रांगेविना प्रतीक्षा : नेवाडातील स्लॉट मशीनपुढील शिष्टाचाराचा इतिहास

प्रस्तावना :

जुगाराच्या इतिहासावरील लेखन प्रामुख्याने कायदा, महसूल आणि व्यसन या विषयांभोवती फिरताना दिसते. ते स्वाभाविकही आहे. परंतु एकाच छताखाली जमलेली शेकडो अनोळखी माणसे, त्यांतील अनेकांना हवे असलेले एखादेच यंत्र, आणि ते कोणी किती वेळ वापरावे हे सांगणाऱ्या लिखित नियमाचा अभाव, अशा स्थितीत माणसे परस्परांशी कशी वागतात हा प्रश्नही इतिहासाच्या कक्षेतच येतो. शिष्टाचार सहसा कागदावर उतरत नाही. तो मोडला गेला म्हणजेच त्याची चर्चा होते. त्यामुळे त्याचा शोध कायद्याच्या कलमांपेक्षा वस्तूंमध्ये, म्हणजे नाणी, कप, खुर्च्या आणि कार्डे यांमध्ये घ्यावा लागतो.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. महाराष्ट्रात मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ लागू आहे. १९७६ मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांसंबंधीचा राज्य कायदा संमत झाला, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. शेजारच्या गोव्यात मात्र १९७६ च्याच जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन ठेवण्यास वाव मिळाला, आणि १९९६ च्या दुरुस्तीने नौकांवरील कॅसिनोंचा मार्ग मोकळा झाला. मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या या नौकांमुळे हे यंत्र मराठी माणसाच्या ओळखीचे झाले. तथापि त्या यंत्रापुढे कसे वागावे याची रीत घडली ती अमेरिकेतील नेवाडा राज्यात, रीनो आणि लास व्हेगास या शहरांत. म्हणून प्रस्तुत लेखाची कक्षा मुख्यतः नेवाडापुरती ठेवली आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. स्लॉट मशीनपुढे रांग नसते, ताबा असतो. हा ताबा समान दर्जाच्या अनोळखी माणसांनी एकमेकांना मान्य केलेला होता, आणि नाणे ही त्याची भौतिक खूण होती. नाणे नाहीसे झाले तेव्हा ताबा देण्याघेण्याचा अधिकार खेळणाऱ्यांच्या हातून हळूहळू कॅसिनोच्या हाती गेला.

टेबल आणि यंत्र :

जुगारातील क्रम ही मुळात खेळाच्या अंतर्गत बाब होय. फासे कोणी टाकायचे, पान कोणी उचलायचे हे खेळच ठरवतो आणि त्यावर देखरेख ठेवणारा कोणी तरी असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील द्यूताध्यक्ष फासे पुरवतो, जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच असा राजभाग घेतो आणि कपट करणाऱ्यास दंड करतो. आधुनिक कॅसिनोतील टेबलावर पत्ते वाटणारा डीलर हेच काम वेगळ्या वेशात करतो. टेबलाभोवती जागा नसेल तर नवागताला डीलर किंवा त्याच्यावरील अधिकारी थांबवून ठेवतो, जागा झाली की बोलावतो. प्रतीक्षेचा भार तेथे संस्थेने उचललेला असतो.

स्लॉट मशीनपुढे असा कोणी नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतील चार्ल्स फे या यंत्रकाराने ‘लिबर्टी बेल’ हे तीन चक्रांचे यंत्र तयार केले. तीन घंटा एका ओळीत आल्या की यंत्र स्वतःच पाच सेंटची दहा नाणी बाहेर टाकत असे. यंत्राची सारी नवलाई या ‘स्वतःच’ मध्ये होती. दारूच्या गुत्त्याच्या मालकाला जुगार चालवण्यासाठी माणूस नेमण्याची गरज उरली नाही. माणूस गेला तसा क्रम ठरवणाराही गेला, ही गोष्ट मात्र त्या काळी कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. गुत्त्यात यंत्रे एकदोनच असत, खेळणारे बहुधा परस्परांच्या ओळखीचे असत, आणि एक नाणे टाकून दांडा ओढण्यास काही सेकंद पुरत. गिऱ्हाईक गुत्त्यात दारूसाठी येई, यंत्र हा जाता जाता करायचा चाळा होता.

१९ मार्च १९३१ रोजी नेवाडाचे गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी जुगाराला मान्यता देणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. त्यानंतरच्या तीन दशकांत यंत्रांची संख्या वाढली, तरी त्यांचे स्थान दुय्यमच राहिले. खरा जुगार टेबलावर, आणि भिंतीलगतची यंत्रे टेबलावर खेळणाऱ्यांच्या बायकांसाठी, असा एक पुरुषी समज प्रचलित होता. खेळणारा उभा असे. दांडा ओढून हात दुखत. मोठे बक्षीस लागले तर यंत्रातील नळीत तेवढी नाणी नसत, आणि कर्मचाऱ्याला बोलवावे लागे. उभ्या माणसाचा ताबा अल्पकाळाचाच असतो. तो थकतो, बाजूला होतो, आणि दुसरा पुढे सरकतो. या काळात ‘यंत्र धरून ठेवणे’ ही मोठी समस्या बनली नाही याचे कारण लोकांचे सौजन्य नव्हे, खुर्चीचा अभाव हे होते असे म्हणावे लागेल.

कप, खुर्ची आणि ताबा :

१९६३ मध्ये शिकागोच्या बॅली कंपनीने ‘मनी हनी’ हे विजेवर चालणारे यंत्र आणले. त्याच्या तळाशी नाण्यांचा मोठा साठा करणारे हॉपर होते, त्यामुळे कर्मचाऱ्याच्या मदतीविना पाचशेपर्यंत नाणी देणे शक्य झाले. यंत्रातून नाणी धातूच्या तबकात पडू लागली आणि त्यांचा आवाज सभागृहभर घुमू लागला. याच सुमारास अमेरिकेत चांदीच्या डॉलरची टंचाई निर्माण झाली, आणि १९६५ पासून नेवाडातील कॅसिनोंनी आपापली टोकने पाडून घेतली. नाणी गोळा करण्यासाठी कॅसिनोचे नाव छापलेले कप खेळणाऱ्यांना फुकट मिळू लागले. पुढे यंत्रांपुढे बसण्यासाठी उंच खुर्च्या आल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस साय रेड यांच्या कंपनीने, जी पुढे आयजीटी या नावाने प्रसिद्ध झाली, व्हिडिओ पोकरचे यंत्र बाजारात आणले. त्यात दांडा ओढण्याऐवजी बटण दाबायचे असल्याने तासन्‌तास बसून खेळणे सोयीचे झाले. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी नेवाडातील यंत्रांचे उत्पन्न टेबलांच्या उत्पन्नाला मागे टाकू लागले. भिंतीलगतचे यंत्र सभागृहाच्या मध्यभागी आले.

आपण ज्याला प्रतीक्षेचा शिष्टाचार म्हणतो त्याचा सुवर्णकाळ हाच होय. त्याची कलमे कोणी लिहिली नाहीत, पण नेवाडात नियमित खेळणाऱ्या कोणालाही ती पाठ असत. यंत्राच्या दांड्यावर उपडा घातलेला कप याचा अर्थ ‘मी परत येत आहे’. खुर्ची यंत्राकडे कलती करून टेकवली असेल तर अर्थ तोच. खुर्चीच्या पाठीवरचे जाकीट जरा अधिक ठाम, कारण जाकीट कोणी विसरून जात नाही. शेजाऱ्याला ‘जरा लक्ष ठेवाल का’ असे सांगून प्रसाधनगृहात जाणे सर्वांत सभ्य, कारण त्यात खुणेला साक्षीदाराची जोड मिळे. सुट्टे देणारी कर्मचारी स्त्री ओळखीची असेल तर ती यंत्रावर राखीव असल्याची पाटी लावून देई. एवढ्या अवधीत परतायचे. कप ठेवून जेवायला जाणे म्हणजे अतिरेक. मोकळ्या वेळी एका माणसाने शेजारशेजारची दोन यंत्रे चालवली तरी कोणी हरकत घेत नसे, पण शनिवारी रात्री गर्दी असताना दुसरे यंत्र सोडून देणे अपेक्षित असे.

वाट पाहणाऱ्याकडून अपेक्षा होत्या त्या अधिक कडक. खेळणाऱ्याच्या खांद्यामागे उभे राहू नये. ‘तुम्ही किती वेळ बसणार?’ असे विचारू नये. त्याच्या पडद्यावरील आकड्यांकडे टक लावून पाहू नये. तो उठला तरी त्याने नाणी गोळा करून पाठ वळवेपर्यंत खुर्चीला हात लावू नये. थोडक्यात, वाट पाहायची, पण वाट पाहत असल्याचे दिसू द्यायचे नाही.

हे सर्व रांगेच्या रीतीहून मुळातच भिन्न आहे. लिओन मान या मानसशास्त्रज्ञाने मेलबर्नमधील फुटबॉल सामन्यांच्या तिकिटांसाठी रात्रभर लागणाऱ्या रांगांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या रांगांतही माणसे सामान ठेवून जागा राखत आणि काही काळ गैरहजर राहत, मात्र त्या गैरहजेरीला रांगेने ठरवलेली मर्यादा असे. रांगेत मागच्या माणसाला हक्क असतो. पुढच्याचे काम संपले की त्याचाच क्रमांक, हे सर्वांना मान्य असते. स्लॉट मशीनवरील ‘काम’ मात्र कधीच संपत नाही. एक डाव सहा सेकंदांत आटोपतो, पण डावांची संख्या खेळणाऱ्याच्या पैशावर आणि इच्छेवर अवलंबून. ज्याचा शेवट ठरलेला नाही त्याच्यामागे रांग लागू शकत नाही. म्हणून पहिल्यापासून ताटकळत असलेल्यालाही येथे कोणताच दर्जा नाही. दोघे वाट पाहत असतील तर खुर्ची जवळ असलेल्याला मिळते.

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी लास व्हेगासच्या कॅसिनोत काही काळ पत्ते वाटण्याचे काम केले होते. १९७१ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘रिलेशन्स इन पब्लिक’ या ग्रंथात सार्वजनिक स्थळी माणूस ज्या ज्या गोष्टींवर तात्पुरता हक्क सांगतो त्यांची त्यांनी मांडणी केली आहे. ठरावीक सीमा असलेली बसण्या-उभे राहण्याची जागा हा त्यांतील एक प्रकार, आणि क्रम हा दुसरा. आपल्या हक्काची निशाणी म्हणून ठेवलेल्या वस्तूंचाही त्यांनी विचार केला आहे. त्यांच्या परिभाषेत सांगायचे तर स्लॉट मशीन म्हणजे क्रमाविना जागा. आपल्याकडील उदाहरण द्यायचे झाल्यास एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल आठवावा. रुमालाचे मोल काहीच नाही, पण तो उचलून बाजूला ठेवणाऱ्याशी भांडण ठरलेले. कॅसिनोतील रिकामा कप हा त्याच कुळातला. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. एस.टी. गावाला पोचली की रुमालाचा हक्क आपोआप संपतो. यंत्र कोठेच पोचत नाही.

‘आता निघणारच’ ही समजूत :

एक यंत्र दुसऱ्यासारखेच असेल तर विशिष्ट यंत्रासाठी माणूस ताटकळत का उभा राहतो, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर यंत्रात नसून खेळणाऱ्याच्या मनात आहे. ज्या यंत्राने बराच वेळ काही दिले नाही ते ‘भरलेले’ आहे, आता ते देणारच, अशी समजूत सार्वत्रिक होती आणि आजही आहे. दोनशे डॉलर हरलेला माणूस खुर्ची सोडत नाही, कारण आपण घातलेले पैसे दुसरा कोणी एका नाण्यात घेऊन जाईल अशी त्याला भीती असते. हा ताबा केवळ जागेचा राहत नाही. माणूस आपल्या तोट्याकडे त्या यंत्रात केलेली गुंतवणूक म्हणून पाहू लागतो.

गणिताच्या दृष्टीने ही समजूत निराधार आहे. प्रत्येकी वीस चिन्हांची तीन चक्रे असतील तर एकूण ८००० जुळण्या संभवतात, आणि त्यांपैकी एकाच जुळणीवर मोठे बक्षीस असेल तर ते लागण्याची शक्यता प्रत्येक खेपेस ८००० मध्ये एक एवढीच राहते. आधीच्या सात हजार खेपांची यंत्राला आठवण नसते. १९८४ मध्ये इंगे टेलनीस यांना ज्या रचनेचे एकस्व मिळाले तिच्यानंतर तर चक्रे केवळ देखाव्यापुरती उरली. निकाल संगणकीय यादृच्छिक संख्येने ठरतो, आणि खेळ चालू असो वा नसो या संख्या अखंड बदलत असतात. उठून गेलेल्या माणसाच्या खुर्चीवर पुढच्याच मिनिटाला जॅकपॉट लागला तरी तो पहिल्याचा ‘हुकलेला’ जॅकपॉट नसतो, कारण बटण दाबण्याचा नेमका तोच क्षण त्याने साधला असता असे मानण्यास काहीही आधार नाही.

ही समजूत कॅसिनोंना ठाऊक होती, आणि तिची काळजीही घेतली जात होती. जॅकपॉटची मोठी रक्कम हातोहात दिल्यानंतर कर्मचारी विजेत्याला आणखी एक डाव खेळून ती जुळणी पडद्यावरून घालवण्यास सांगत. कारण उघड होते. जॅकपॉटची चिन्हे दाखवत उभे असलेल्या यंत्रापुढे पुढचा माणूस बसणार नाही, ते ‘रिकामे’ झाले असे तो समजेल. ज्या श्रद्धेमुळे हरणारा बसून राहतो तीच श्रद्धा जिंकलेल्या यंत्राला ओसाड करते. म्हणून तिचा एक परिणाम चालू द्यायचा आणि दुसरा पुसून टाकायचा, असे हे धोरण होते.

तथापि सर्वच प्रतीक्षा भ्रामक होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्हिडिओ पोकरच्या काही यंत्रांची बक्षीस-रक्कम एकत्र जोडलेली असे आणि ती प्रत्येक डावागणिक वाढत जाई. रॉयल फ्लश हा सर्वोच्च हात सुमारे ४०,००० डावांत एकदा येतो. पाव डॉलरच्या ज्या यंत्रांवर त्याचे बक्षीस १००० डॉलरपासून वाढू लागे, त्यांच्या एका प्रचलित प्रकारात ते २२०० डॉलरच्या आसपास पोचले की निर्दोष खेळणाऱ्याचे पारडे कॅसिनोपेक्षा जड होत असे. हे हिशेब जाणणाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात टोळ्या उभारल्या. टोळीचा प्रमुख भांडवल पुरवी, खेळणारे तासाच्या मजुरीवर बसत. रकमेने मर्यादा ओलांडली की त्या यंत्रांच्या सर्व खुर्च्या ते व्यापत आणि जॅकपॉट लागेपर्यंत पाळ्यांनी बसून राहत. एक उठला की त्याच्या जागी दुसरा मजूर. शिष्टाचाराचे एकही कलम त्यांनी मोडले नव्हते. खुर्ची रिकामी होत नव्हती, कप ठेवून कोणी जेवायला जात नव्हते, एकाकडे दोन यंत्रे नव्हती. तरीही बाहेर वाट पाहणारा सामान्य खेळाडू संतापत असे. त्याने घातलेल्या नाण्यांनीच तर ती रक्कम वाढलेली होती! अखेर कॅसिनोंनी अशा टोळ्यांना मज्जाव केला. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रसंगातून त्या शिष्टाचाराची खरी मर्यादा दिसते. खुर्चीवर बसलेला माणूस आपल्याच पैशाने, आपल्याच हौसेने खेळत आहे हे त्याने गृहीत धरले होते. बसणे हीच मजुरी झाली तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते.

कायद्याकडेही नव्हते. नेवाडाच्या कायद्यानुसार खेळणारा आणि कॅसिनो यांच्यात ५०० डॉलर वा अधिक रकमेच्या बक्षिसाबद्दल वाद झाला तर कॅसिनोने गेमिंग कंट्रोल बोर्डाला तत्काळ कळवले पाहिजे. पण ही सारी यंत्रणा डाव खेळल्यानंतर सुरू होते. डाव खेळण्याचा हक्क कोणाचा, म्हणजेच खुर्ची कोणाची, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. डाव कोणाचा याचे उत्तर देतानाही अमेरिकेतील कॅसिनो बटणाच्या पलीकडे पाहत नाहीत. २०१७ मध्ये फ्लोरिडातील एका कॅसिनोत एका गृहस्थाने स्वतःचे पैसे घालून मैत्रिणीला शुभशकुन म्हणून बटण दाबण्यास सांगितले आणि एक लाख डॉलरचे बक्षीस लागले. बटण ज्याने दाबले त्याचे बक्षीस, या नियमाने रक्कम मैत्रिणीला मिळाली. पैसे, ताबा, प्रतीक्षा यांतले काहीच मोजले गेले नाही.

जपानचे उदाहरण :

नेवाडातील रीत ही एकमेव शक्यता नव्हती हे समजण्यासाठी जपानमधील पाचिंको सभागृहांकडे थोडे वळणे उपयुक्त ठरेल. पोलादी गोळ्यांच्या या खेळाबरोबर तेथे पाचिस्लॉट नावाची चक्रांची यंत्रेही असतात. या यंत्रांना बहुधा एक ते सहा अशा पातळ्या असतात आणि कोणते यंत्र कोणत्या पातळीवर ठेवायचे हे सभागृहाचा चालक ठरवतो. म्हणजे एक यंत्र दुसऱ्याहून खरोखरच उदार असू शकते, आणि ते सकाळी लवकर धरणे शहाणपणाचे असते. प्रतीक्षेला असा वास्तव आधार असल्यामुळे तेथे दारे उघडण्यापूर्वीच खरीखुरी रांग लागते. मोठ्या गर्दीच्या दिवशी चिठ्ठ्या काढून प्रवेशाचा क्रम ठरवला जातो आणि क्रमांकाचे कागद वाटले जातात. आत गेल्यावर मात्र पुन्हा वस्तूंचेच राज्य. सिगारेटचे पाकीट किंवा लायटर तबकात ठेवला की यंत्र धरले गेले. जेवणासाठी जायचे असेल तर कर्मचारी वेळ लिहिलेली पाटी लावतो, आणि त्या वेळेत न परतणाऱ्याचा हक्क संपतो. एप्रिल २०२० पासून या सभागृहांत खेळण्याच्या जागी धूम्रपानास बंदी आली.

नेवाडात ज्या गोष्टी खेळणाऱ्यांच्या समजुतीवर सोडलेल्या होत्या, म्हणजे क्रम, जेवणाची सुट्टी, ताब्याची मुदत, त्या जपानमध्ये सभागृहाने स्वतःकडे घेतल्या आणि सर्वांना सारख्याच लागू केल्या. नेवाडातही पुढे संस्थेने हा अधिकार घेतला, पण वेगळ्या रीतीने.

नाणे गेल्यावर :

२००० नंतरच्या काही वर्षांत नेवाडातील यंत्रांतून नाणी नाहीशी झाली. नोट घालावी, खेळावे, आणि उठताना उरलेल्या रकमेचे छापील तिकीट घ्यावे अशी पद्धत आली. नाणी भरण्याचा, मोजण्याचा आणि उचलण्याचा खर्च वाचला. खेळणाऱ्यांचे हात काळे होणे थांबले. कप गेले, सुट्टे देणाऱ्यांची कामे गेली. खेळणाऱ्याला उठण्यासाठी जे निमित्त मिळत असे, म्हणजे सुट्टे आणणे, कप भरला म्हणून रोखपालाकडे जाणे, तेही गेले. नताशा डाऊ शुल यांनी २०१२ च्या आपल्या ‘अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन’ या ग्रंथात लास व्हेगासच्या खेळणाऱ्यांची जी तंद्री वर्णिली आहे, तिच्यात भोवतालच्या माणसांचे भानच उरत नाही. वाट पाहणाऱ्याने दिसू नये हा जुना संकेत होता. आता त्याने दिसण्याचा प्रयत्न केला तरी उपयोग नव्हता.

खुणेचा प्रश्न अधिक बिकट झाला. रिकाम्या कपाला किंमत नव्हती म्हणून तो सुरक्षित होता. आता मागे सोडण्यासारखी वस्तू म्हणजे यंत्रातील शिल्लक रक्कम, आणि तिच्यावर मालकाचे नाव नसते. जाता जाता कोणीही बटण दाबून तिकीट काढून घेऊ शकतो. लोकांनी विसरलेल्या रकमा शोधत यंत्रांमधून फिरणाऱ्यांना नेवाडाच्या बोलीत ‘सिल्व्हर मायनिंग’ करणारे म्हणजे चांदीच्या खाणीत खणणारे म्हणतात, आणि कॅसिनो त्यांना बाहेर काढतात. गंमत अशी की विसरलेल्या तिकिटांची रक्कम एरवी कॅसिनोकडेच राहत असे. २०११ मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने तिची विभागणी केली : मुदत संपलेल्या तिकिटांच्या रकमेपैकी ७५ टक्के राज्याला, २५ टक्के कॅसिनोला. खेळणाऱ्याच्या विसराळूपणाचे दोन वारस कायद्याने ठरवले. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस त्यांत नाही.

कपाची जागा घेतली ती सभासद-कार्डाने. ऐंशीच्या दशकापासून कॅसिनो खेळणाऱ्याला कार्ड देऊ लागले होते. ते यंत्रात घातले की किती पैसे लावले, किती वेळ खेळले याची नोंद होई आणि त्यानुसार जेवण, खोली अशा सवलती मिळत. खर्चाच्या प्रमाणात कार्डाच्या श्रेणी ठरल्या. पुढे अशा प्रणाल्या आल्या की वरच्या श्रेणीचा सभासद यंत्राच्या पडद्यावरूनच ते काही मिनिटांसाठी बंद करून जाऊ शकतो. पडद्यावर राखीव असल्याची सूचना झळकते आणि दुसऱ्या कोणाला ते चालवताच येत नाही. उपडा कप कोणीही ठेवू शकत होता, पाच सेंटवर खेळणारी पेन्शनर बाई आणि डॉलरवर खेळणारा व्यापारी दोघांच्या कपाचा अर्थ एकच होता. तो उचलण्यास प्रत्यक्ष अडथळा काहीच नव्हता. लोक उचलत नसत एवढेच. नव्या व्यवस्थेत संकोचाची गरज राहिली नाही, कारण यंत्र स्वतःच नकार देते, आणि हा नकार कोणाला मिळवून द्यायचा हे त्याने गमावलेल्या पैशांवरून ठरते.

जून २०२० मध्ये महासाथीमुळे अडीच महिने बंद असलेले नेवाडाचे कॅसिनो निम्म्या क्षमतेने उघडले, तेव्हा अंतर राखण्यासाठी अनेक ठिकाणी एकाआड एक यंत्रे बंद ठेवण्यात आली आणि त्यांच्यापुढील खुर्च्या हलवण्यात आल्या. खेळण्याजोगी यंत्रे एकदम घटली. वाट पाहणाऱ्याने कोठे उभे राहावे हे प्रथमच जमिनीवर चिकटवलेल्या खुणांनी सांगितले जाऊ लागले. त्या खुणा नोटा मोडण्याच्या यंत्रांपुढे होत्या, रोखपालाच्या खिडकीपुढे होत्या, प्रवेशद्वारापाशी होत्या. स्लॉट मशीनच्या खुर्चीमागे तशी रांग आखली गेली नाही.